बंदूक, आकडे आणि बाकीचे तिघे: को-ऑप शूटर-आरपीजी खेळायला बसताना

परतीचं यान येऊन उभं होतं आणि घड्याळात जेमतेम चाळीस सेकंद उरले होते. तिघं जण यानात चढलेले, मी मागे अंधारात आडवा. 'डीप रॉक गॅलॅक्टिक' या चौघांनी मिळून गुहांत खणायच्या आणि तिथल्या किड्यांशी लढायच्या खेळाचा नियम असा, की एक जण जरी यानात पोहोचला तरी मोहीम फत्ते. म्हणजे माझ्यासाठी कोणी मागे फिरायची गरज नव्हती. तरी त्यांच्यातला स्काऊट (चपळ पात्र घेतलेला खेळाडू) बाहेर पडला, ग्रॅपलिंग हुक (दोराला बांधलेला हुक) छताला मारत माझ्यापर्यंत आला, आजूबाजूच्या किड्यांकडे दुर्लक्ष करून त्याने मला उठवलं आणि पुन्हा पुढे उडाला. आम्ही दोघंही दार बंद होता होता आत. त्याचं नाव, गाव, भाषा, काहीच मला माहीत नाही. त्याने खेळातलं 'रॉक अँड स्टोन' म्हणायचं बटण दाबलं, मी पण दाबलं. संपलं.

हे खेळ लोक वर्षानुवर्षं का खेळतात असं कोणी विचारलं की उत्तर म्हणून मला हाच प्रसंग सांगावासा वाटतो. लूट, लेव्हल, बंदुका हे सगळं आहेच, पण ते नंतर. पुढचं सगळं त्या चौथ्या खेळाडूसाठी लिहिलंय, जो पहिल्यांदाच लॉबीत (मोहिमेआधी खेळाडू जमतात त्या ऑनलाइन खोलीत) येतोय आणि ज्याला भीती आहे की आपल्यामुळे बाकीच्या तिघांचा खेळखंडोबा होईल. होईल थोडा. तेवढं चालतं.

आधी हा प्रकार काय आहे

को-ऑप म्हणजे माणसं सगळी एका बाजूला आणि मशीन दुसऱ्या बाजूला. कल्पना जुनी आहे. १९९३ च्या 'डूम'मध्येही चौघांना नेटवर्कवर मिळून राक्षसांशी लढता येत होतं. आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र घेऊन ते वाढवत नेण्याचा खेळ) हा भाग, म्हणजे लेव्हल, क्लास (पात्राचा प्रकार), फाशावर ठरणारं नुकसान हे सगळं मात्र टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांतून आलं. त्यांचा मूळपुरुष 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', साल १९७४. या दोन्ही गोष्टींची मोट बांधायचे प्रयत्न अधूनमधून झाले, पण ती घराघरांत पोहोचली ती २००९ मध्ये, गिअरबॉक्स कंपनीच्या 'बॉर्डरलँड्स'मुळे. चार पात्रं, प्रत्येकाचं वेगळं स्किल ट्री (कौशल्यांचं झाड), आणि सुटे भाग जुळवून मशीनने बनवलेल्या असंख्य बंदुका. मग २०१३ मध्ये 'वॉरफ्रेम', २०१४ मध्ये 'डेस्टिनी', २०१६ मध्ये 'द डिव्हिजन' अशी रांगच लागली. शत्रू मारून बंदुका लुटायच्या या पंथाला लूटर शूटर म्हणतात. 'डीप रॉक' त्याच्या जरा कडेला बसतो. तिथे जमिनीवर रंगीत बंदुका पडत नाहीत, पण क्लास, लेव्हल आणि बंदुकीत करायचे बदल आहेत.

खेळताना तीन गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. गोळी लागली की नाही हे तुमचा हात ठरवतो. लागलेल्या गोळीने किती बिघडलं हे आकडे ठरवतात. आणि तुम्ही पडलात तर परत उभे राहाल का, हे सोबतचे ठरवतात. नवखा माणूस पहिल्या गोष्टीची धास्ती घेऊन बसतो, थोडा मुरलेला दुसरीत बुडून जातो. तिसरीकडे लक्ष जायला बहुतेकांना बराच वेळ लागतो. निव्वळ स्पर्धेच्या शूटरमध्ये हात कच्चा असेल तर विषयच संपतो; समोरचा पंधरा वर्षांचा पोरगा तुम्हाला दिसण्याआधीच मारून मोकळा. इथे मात्र निशाणा यथातथा असलेला माणूसही गोळ्यांची रसद मागवून, ढाल लावून, पडलेल्यांना उठवून संघाचा आधार होऊ शकतो. माझा निशाणा आजही यथातथाच आहे.

पायरी १: खेळ निवडा, पण आधी माणसं मोजा

खेळ निवडताना लोक ग्राफिक्स बघतात. मी म्हणेन आधी डोकी मोजा. तुम्ही दोघं आहात, तिघं, चौघं की एकटेच?

दोघं जण एकाच घरात असाल तर 'बॉर्डरलँड्स' मालिकेइतकं सोपं दार दुसरं नाही. स्क्रीन विभागून एकाच टीव्हीवर खेळायची सोय या मालिकेत पहिल्यापासून कन्सोलवर आहे. गोष्ट आहे, विनोद आहे (काहींना तो अती वाटतो, मला दुसऱ्या भागापुरता आवडतो), आणि मध्येच थांबलात तरी काही हातचं जात नाही. तिघांचं टोळकं असेल आणि मार खायची तयारी असेल तर २०२३ चा 'रेमनंट २'. त्यात एका क्लासकडे कुत्रा असतो आणि तो पडलेल्यांना उठवतो; नवख्याने डोळे मिटून तोच घ्यावा. चौघं असाल, किंवा एकटे असून अनोळखी लोकांत घुसायचं असेल, तर 'डीप रॉक गॅलॅक्टिक'. एक मोहीम साधारण अर्ध्या तासात आटपते आणि तिथली जनता नवख्यांशी आश्चर्य वाटावं इतकी चांगली वागते.

'डेस्टिनी २' आणि 'वॉरफ्रेम' सुरू करायला फुकट आहेत म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात. मी सहसा नको म्हणतो. खेळ वाईट आहेत म्हणून नाही. 'डेस्टिनी'त बंदूक चालवताना हाताला जे जाणवतं ते फार थोड्यांना जमलंय. पण दोन्ही खेळ वर्षानुवर्षं वाढत गेलेत, आणि नवा माणूस आत शिरतो तेव्हा चालू पिक्चरला मध्यंतरानंतर जाऊन बसल्यासारखं होतं. 'डेस्टिनी २'ने तर २०२० मध्ये स्वतःची मूळ मोहीमच खेळातून काढून ठेवली, त्यामुळे गोष्टीचं पहिलं पान शोधूनही सापडत नाही. आधीपासून खेळणारा एखादा मित्र बोट धरायला असेल तर खुशाल जा.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. मित्राच्या आणि तुमच्या मशीनमध्ये क्रॉसप्ले (वेगवेगळ्या मशीनवरून एकत्र खेळणं) चालतं का, आणि मिळून खेळल्यावर कथेची प्रगती दोघांच्या खात्यावर चढते की फक्त होस्टच्या, म्हणजे ज्याने खेळ सुरू केला त्याच्या. दुसरी गोष्ट न तपासल्यामुळे पाहुण्यासारखं पंधरा तास खेळून शेवटी पहिल्या पानावर परत आलेले लोक मी पाहिलेत.

पायरी २: सेटिंग्जमध्ये पाच मिनिटं घालवा

मोशन ब्लर (हलताना दृश्य धूसर होणं) बंद. कॅमेऱ्याचं हलणं कमी करता येत असेल तर कमी. फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं ते) थोडं वाढवा. अरुंद दृश्यामुळे अनेकांना मळमळतं आणि बिचाऱ्यांना वाटतं आपल्याला हा प्रकारच झेपत नाही. माऊसची किंवा स्टिकची सेन्सिटिव्हिटी एवढी ठेवा की मागे वळून बघायला हाताची कसरत लागू नये. सबटायटल चालू. रंग ओळखायला अडचण असेल तर रंगांधळेपणाची सेटिंग शोधा, कारण या खेळांत निम्मी माहिती रंगातून मिळते. माइक असेल तर तो बटण दाबल्यावरच चालू होईल असा लावा. तुमच्या घरातला कुकर बाकीच्या तिघांना ऐकायचा नसतो.

पायरी ३: दोन मोहिमा एकट्याने

फक्त हाताला बटणं कळावीत म्हणून. 'डीप रॉक'मध्ये एकटे गेलात की बॉस्को नावाचा ड्रोन सोबत येतो. तो खणतो, उजेड पाडतो, लढतो, पडलात तर काही वेळा उठवतोही. त्याच्यासमोर कितीही धांदल केलीत तरी तो काही बोलत नाही. रिलोड (बंदूक पुन्हा भरणं), उडी, नकाशा आणि पिंग (एखाद्या जागेवर सगळ्यांना दिसेल अशी खूण करणं) ही चार बटणं न बघता सापडायला लागली की पुढे चला. त्याहून जास्त वेळ एकटं राहिलात तर एकट्याने खेळायच्या सवयी लागतात आणि त्या नंतर मोडाव्या लागतात.

पायरी ४: क्लास

इथे थोडं थांबूया, कारण मिळून खेळण्याची सगळी गंमत इथे शिजते.

'डीप रॉक'मधले चार बुटके खाणकामगार घ्या. स्काऊटकडे हुक आहे आणि दूरवर प्रकाश फेकणारी फ्लेअर गन. इंजिनीअरकडे आपोआप गोळ्या झाडणारा टरेट आणि भिंतीला चिकटणारे प्लॅटफॉर्म मारायची गन. गनरकडे दरीवर बांधायची झिपलाइन आणि सगळ्यांना आत घेणारी ढाल. ड्रिलरकडे दगड लोण्यासारखा कापणारी ड्रिल आणि सी-फोर नावाचं एक स्फोटक, ज्याने स्वतःचीच माणसं उडवल्याच्या कथा हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाकडे असतात.

आता समोर उंच छताजवळ सोनं चमकतंय अशी कल्पना करा. स्काऊट हुकने तिथे पोहोचेल, पण उभं राहायला जागा नाही. खाली पडला तर हाडं मोडणार. इंजिनीअरला प्लॅटफॉर्म मारता येतो, पण स्वतःला वर जाता येत नाही. म्हणून स्काऊट सोन्यावर पिंग करतो, इंजिनीअर त्याच्या बरोबर खाली प्लॅटफॉर्म चिकटवतो, स्काऊट उडून त्यावर उतरतो आणि खणतो. अवघे पाच सेकंद, एक शब्द न बोलता. ज्याने हे डिझाइन केलं त्याने मुद्दाम प्रत्येकाचा एक हात बांधून ठेवलाय आणि तो हात दुसऱ्याच्या खांद्यावर दिलाय.

ही युक्ती शुद्ध शूटरमध्येही होती. २००८ च्या 'लेफ्ट फोर डेड'मध्ये हंटर तुमच्या छातीवर बसला की तुम्ही कितीही उस्ताद असा, दुसऱ्या कोणी येऊन सोडवल्याशिवाय सुटका नाही. टोळीपासून लांब गेलात की मेलात. आरपीजीने यात भर अशी घातली की ही एकमेकांवरची भिस्त तुमच्या पात्रातच भरली, आणि तुम्ही खेळाल तशी ती वाढत जाते.

मग नवख्याने काय घ्यावं? मनात हमखास चपळ क्लास येतो. हुक, दुहेरी उडी, अदृश्य होणं वगैरे. तो पहिल्या आठवड्यात घेऊ नका. चपळ क्लासवर बहुतेक वेळा एखादी न दिसणारी जबाबदारी असते आणि ती माहीत नसेल तर सगळ्यांचं गाडं अडतं. स्काऊटचं उदाहरण घ्या. पूर्ण गुहेला उजेड पुरवणं हे त्याचं खरं काम. नवा स्काऊट हुकवर झोके घेण्यात रमतो आणि बाकीचे तिघं अंधारात चाचपडत मरतात. गनर किंवा इंजिनीअर घ्या. टरेट तुमच्याऐवजी गोळ्या झाडतो, ढाल चुकून लावली तरी कोणाच्या तरी कामी येते. दुसऱ्या खेळांतही हाच निकष लावा: ज्या क्लासची एक तरी गोष्ट निशाणा न लागताही उपयोगी पडते, तो नवख्याचा क्लास.

एकदा घेतलात की निदान दहा मोहिमा तोच ठेवा. मग एक-एक मोहीम बाकीच्या क्लासमधून करून बघा, जिंकण्यासाठी नाही तर कळण्यासाठी. गनर म्हणून खेळल्याशिवाय गनर ढाल कधी टाकेल याचा अंदाज येत नाही.

पायरी ५: लूट आणि आकडे

लुटीचे रंग बहुतेक खेळांत सारखेच असतात: पांढरा साधा, मग हिरवा, निळा, जांभळा आणि केशरी किंवा सोनेरी सगळ्यात दुर्मीळ. शत्रू पडला, जमिनीवरून केशरी झोत उठला, की भल्याभल्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की प्राणी जास्त चिकाटीने दांडी दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकातच उंदीर-कबुतरांवर दाखवलं होतं. आपण दांडीच्या जागी ट्रिगर दाबतो, एवढाच फरक. हे माहीत असूनही मला केशरी झोत आवडतो. फक्त तोच झोत पैसे देऊन उघडायच्या पेटीतून निघायला लागला की मी बाजूला होतो, आणि पहिले शंभर तास तरी तुम्हीही व्हा.

पहिले काही तास रंगाकडे बघून फार हळहळू नका. लेव्हल भराभर चढते, पाचव्या लेव्हलची जांभळी बंदूक दहाव्या लेव्हलच्या हिरवीसमोर फिकी पडते. आज जपून ठेवलेली उद्या अडगळ. जी बरी वाटते ती वापरा, बाकीच्या विका.

बंदुकीच्या कार्डावरचा सगळ्यात मोठा आकडा मात्र फसवतो. एक साधा हिशोब करू. पहिली बंदूक: गोळीमागे ४० नुकसान, सेकंदाला १० गोळ्या, मॅगझिन ३० चं, रिलोडला ३ सेकंद. दुसरी: गोळीमागे ९०, सेकंदाला ४ गोळ्या, मॅगझिन ४० चं, रिलोडला २ सेकंद. कागदावर पहिली सेकंदाला ४०० देते, दुसरी ३६०. पण पहिलीचं मॅगझिन ३ सेकंदांत रिकामं होतं आणि पुढचे ३ सेकंद तुम्ही नुसतेच उभे. ६ सेकंदांत १,२००, म्हणजे सेकंदाला २००. दुसरी १० सेकंद चालते, ३,६०० देते, मग २ सेकंद रिलोड, सेकंदाला ३००. वर तिचे नेम चुकले तरी मॅगझिनमध्ये गोळ्या शिल्लक राहतात. घाबरलेल्या माणसाला मोठं मॅगझिन हवं, आणि नवखा माणूस घाबरलेलाच असतो.

यानंतर बघायचं ते नुकसान कोणत्या जातीचं आहे. 'बॉर्डरलँड्स'चा नियम चटकन लक्षात राहतो: शत्रूच्या डोक्यावरची पट्टी लाल म्हणजे मांस, त्याला आग, पिवळी म्हणजे चिलखत, त्याला आम्ल, निळी म्हणजे शील्ड, त्याला वीज. शत्रू गोळ्या पितोय, मरतच नाहीये असं वाटलं तर शंभरातल्या नव्वद वेळा तुम्ही चुकीची जात वापरताय. तीन बंदुका जवळ असतील तर त्या तीन जातींच्या ठेवा, एकाच जातीच्या तीन आवडत्या नकोत.

आणि वाटणी. पहिल्या 'बॉर्डरलँड्स'मध्ये जमिनीवरची लूट सगळ्यांची सामाईक होती. जो आधी उचलेल त्याची. त्यावरून मैत्रीत किती वितुष्ट आलं असेल देव जाणे. 'बॉर्डरलँड्स ३'ने प्रत्येकाला स्वतःची वेगळी लूट आणि स्वतःच्या लेव्हलला साजेसे शत्रू असा पर्याय दिला. तुमच्या खेळात काय व्यवस्था आहे ते पहिल्याच मोहिमेत विचारून घ्या. सामाईक असेल तर पेटी उघडल्यावर जरा मागे उभं राहायला शिका.

पायरी ६: पडणं आणि उठवणं

हेल्थ संपली की या खेळांत लगेच मरण नसतं. तुम्ही डाऊन होता, गुडघ्यावर किंवा आडवे, आणि एक घड्याळ सुरू होतं. कोणी येऊन काही सेकंद बटण दाबून धरलं की उठलात.

नवख्यांच्या हातून संघ बुडतो तो बहुतेक इथेच. एक पडतो. दुसरा धावत जातो, उठवता उठवता तोही पडतो. त्या दोघांना उठवायला तिसरा. मग चौथा एकटाच उभा, आणि त्याच्या स्क्रीनवर तिघांची घड्याळं. म्हणून क्रम पाठ करा: आधी आजूबाजूचं साफ करा, निदान जवळचे दोन-तीन, मग ढाल, धूर, टरेट जे असेल ते टाका, मग गुडघ्यावर बसा. घड्याळ वाटतं त्यापेक्षा हळू चालतं. गनरची ढाल पडलेल्याच्या अंगावर टाकून निवांत उठवणारा नवखा दिसला की मी त्याला लगेच मित्र म्हणून जोडतो.

पडलेल्यालाही काम असतं. ओरडू नका, माहिती द्या: किती जण, कोणत्या बाजूला. आणि हेल्थ संपत आल्याचं दिसत असेल तर पुढे दोन गोळ्या झाडायचा मोह सोडून दगडाआड जा, मग पडा. उघड्यावर पडलेल्याला उठवायला यायचं म्हणजे दुसऱ्याने जीव पणाला लावायचा. आडोशाला पडलेल्याला येता-जाता उठवता येतं.

'बॉर्डरलँड्स'ने यात एक झकास फाटा फोडला. तिथे डाऊन असताना तुम्ही गोळ्या झाडू शकता, आणि त्या अवस्थेत एक जरी शत्रू मारलात तर आपोआप उभे राहता. त्यामुळे जुने खेळाडू मोठ्या राक्षसाशी लढताना आसपासचा एखादा किरकोळ किडा मुद्दाम जिवंत ठेवतात. कोणी पडलंच तर त्याच्या उपयोगी पडेल म्हणून. नवखा येतो, मदत म्हणून सगळे किडे टिपतो आणि मग सगळे त्याच्याकडे बघतात.

पायरी ७: अनोळखी लोकांत

माझी स्वतःची फजिती सांगतो. 'डीप रॉक'मध्ये गोळ्या संपल्या की भिंतीतून नायट्रा नावाचं लाल खनिज खणायचं, ८० जमलं की रसदीचा पॉड मागवता येतो. पॉडमध्ये चार कप्पे, एका कप्प्यात तुमच्या निम्म्या गोळ्या भरून निघतात. माझ्या तिसऱ्या की चौथ्या मोहिमेत पॉड आला, माझ्या बंदुका ठणठणीत रिकाम्या, मी जाऊन दोन कप्पे घेतले. हिशोब साधा: दोन घेतले की पूर्ण भरतं. चौथा माणूस आला तेव्हा त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. तो काही बोलला नाही. नुसता रिकाम्या पॉडसमोर उभा राहिला, लेझर पॉइंटर पॉडवर मारला, मग माझ्यावर. पुन्हा पॉडवर. पुन्हा माझ्यावर. त्यानंतर पूर्ण मोहीम तो कुदळीने लढला आणि माझ्याहून जास्त किडे मारले.

चारात चार कप्पे म्हणजे माणशी एक. जास्त हवा असेल तर विचारा. बऱ्याचदा कोणीतरी 'माझाही घे' म्हणतं.

बाकी रीतभात थोडक्यात. मोठी लढाई सुरू करणारं किंवा यान बोलावणारं बटण न विचारता दाबू नका. कोणी कोपऱ्यात खणत असतो, कोणी गोळ्या शोधत. चॅटमध्ये 'तयार?' एवढं टाकलं तरी पुरे. नवे आहात हे सुरुवातीलाच सांगा. इंग्रजी येत नाही, लाज वाटते, माइक नाही, काही अडत नाही. या खेळांत पिंग हीच भाषा आहे. शत्रूवर, खनिजावर, वाटेवर, जिथे काही दिसेल तिथे पिंग करा. आपल्याच गोळ्या आपल्या माणसांना लागतात अशा खेळात (डीप रॉक आणि रेमनंट दोन्ही त्यातले) दुसऱ्याच्या समोरून आडवं धावू नका. आणि एखादी लॉबी खवट निघाली, शिव्या सुरू झाल्या, तर निमूट बाहेर पडा. दुसरी लॉबी मिनिटभरात मिळते.

पायरी ८: स्किल पॉइंट आणि बिल्ड

लेव्हल वाढली की पॉइंट मिळतात आणि समोर फांद्या-फांद्यांचं झाड उघडतं. पहिल्यांदा खेळताना कोणाचं तयार बिल्ड (पॉइंट आणि बंदुकांची जुळणी) बघून उतरवू नका. ते शेवटच्या लेव्हलसाठी बनवलेलं असतं, मध्यावर ते लंगडतं, आणि का लंगडतंय हे तुम्हाला कळत नाही. बहुतेक खेळांत पॉइंट परत घेता येतात. ती सोय कुठे आहे ते शोधून ठेवा आणि बिनधास्त चुका.

सुरुवातीला पॉइंट टाका ते जिवंत ठेवणाऱ्या गोष्टींत: शील्ड लवकर भरणं, उठवायचा वेळ कमी होणं, रिलोड जलद होणं. नुकसान वाढवणाऱ्या टक्क्यांचा मोह नंतर. त्या टक्क्यांचं एक गुपित लक्षात ठेवा. एकाच प्रकारचे '+२०%' बहुतेक वेळा एकमेकांत मिळवले जातात. असे पाच झाले की नुकसान दुप्पट. सहावा घेतलात तर दुपटीऐवजी २.२ पट, म्हणजे खरी वाढ फक्त १०%. त्याऐवजी वेगळ्या प्रकारचा, म्हणजे गुणला जाणारा २०% मिळाला तर २.४ पट. म्हणून एकाच गोष्टीवर सगळं ओतणारं बिल्ड दिसायला जबरदस्त असतं, पण शेवटचे पॉइंट त्यात नुसते मुरतात.

चौघांचं बिल्ड मिळून बघायला लागलात की हा प्रकार आणखी रंगतो. एकाने शत्रूचं चिलखत पातळ केलं, दुसऱ्याने त्यांना एका जागी गोठवलं, तिसऱ्याने तिथेच आग लावली. एकट्याचे आकडे बघितले तर तिघांपैकी कोणीच थोर नाही.

पायरी ९: अवघडपणा किती ठेवायचा

'डीप रॉक'मध्ये हॅझर्ड (धोक्याची पातळी) १ ते ५ अशी चढण आहे. १ वर रेंगाळू नका. तिथे कोणाची कोणाला गरजच पडत नाही, आणि गरज पडली नाही की मिळून खेळण्यात काय मजा आहे ते कळत नाही. २ वर दोन-तीन मोहिमा, मग ३. दर मोहिमेत तुम्ही एकदा-दोनदा पडताय आणि तरी मोहीम पार पडतेय, तर पातळी बरोबर. कोणीच पडत नसेल तर वर जा. अवघडपणा म्हणून फक्त शत्रूची हेल्थ वाढत असेल आणि एकेकावर दोन-दोन मॅगझिन रिकामी होत असतील तर पातळी खाली आणा. त्यात कमीपणा काही नाही; काही खेळांत वरच्या पातळ्या नुसत्या लांबवलेल्या असतात.

रोजची कामं, आठवड्याची कामं, सीझन पास यांच्याकडे पहिल्या महिन्यात बघूसुद्धा नका. आणि हे खेळ कायमचे नसतात तेही ठाऊक असू द्या: सर्व्हरवर अवलंबून असलेला खेळ सर्व्हर बंद झाला की जातो, तुमची केशरी बंदूक घेऊन.

त्यानंतर

पन्नासेक तास झाले, क्लास हातात बसला, की मग रेडसारख्या मोठ्या मोहिमा. 'डेस्टिनी'चा 'व्हॉल्ट ऑफ ग्लास' २०१४ मध्ये आला तेव्हा सहा जण लागायचे आणि काय करायचं हे खेळ सांगायचाच नाही. शेवटचा शत्रू सहापैकी तिघांना भलत्याच काळात फेकतो. तिकडच्या तिघांनी तिकडचं काम करायचं, इकडच्यांनी त्यांना परतीचा दरवाजा उघडून द्यायचा. एकाने गडबड केली की सहा जणांची मेहनत पाण्यात आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी नवख्यांना वाट दाखवत नेणाऱ्या अनुभवी खेळाडूंना तिथे शेर्पा म्हणतात. ते हौसेने येतात, काही मागत नाहीत, तीच गोष्ट दहाव्यांदा समजावतात.

शेर्पा गाठलात की पहिल्यांदाच येतोय हे आधीच सांगा. सांगितलं नाहीत तरी दुसऱ्या मिनिटाला त्याला कळणारच आहे.